एका चुलीवर अळीव, दुसरीवर अळणी भाजी : सुख आणि दुःख दोन्ही देवापुढे कसं ठेवायचं?

कोल्हापुरातल्या एका ताईंनी विचारलंय. यजमानांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत, उन्हाळ्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. त्यातच थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि नात झाली. त्या लिहितात, "नातीकडं बघून हसले की यजमानांशी बेइमानी केल्यागत वाटतं. चर्चमधले म्हणतात, ही देवाची योजना आहे, सगळं त्याच्यावर सोपवा आणि आनंद करा. सोपवायचं म्हणजे नेमकं करायचं काय? हात टेकायचे? लेकीनं मोबाइलवर माइंडफुलनेसचं ॲप घालून दिलंय. ख्रिस्ती माणसानं ते करावं का?"

ताई, सलाम.

मी कोल्हापूर-मिरज भागात रुग्णभेटीचं आणि शोकात असलेल्या घरांना सोबत करण्याचं काम बरीच वर्षं करते. तुमच्या घरासारखी घरं मला नवी नाहीत. एका शेगडीवर बाळंतिणीसाठी अळिवाची खीर आणि दुसऱ्या शेगडीवर आजाऱ्यासाठी अळणी भाजी, दोन्हींत चमचा फिरवणारी बाई एकच. एकीकडे डिंकाच्या लाडवांना तूप कमी पडू नये म्हणून जीव टांगणीला, दुसरीकडे यजमानांच्या पाण्याचं माप चुकू नये म्हणून. (एक सांगून ठेवते, "कमी सोडियमचं" म्हणून दुकानात जे मीठ मिळतं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं.) अशा घरात सुख वेगळं आणि दुःख वेगळं असं वाटून घेता येत नाही. त्यामुळे नातीकडे बघून हसलात यात बेइमानी कुठून आली? तुमच्या यजमानांची ती नात आहे. त्यांच्या वाट्याचंही हसू तुम्हीच हसताय.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा आणि बारावा अध्याय एका बैठकीत सलग वाचा. आपण चर्चमध्ये लाजराची गोष्ट ऐकतो ती बहुधा तो कबरेतून बाहेर आला इथपर्यंतच. त्यातही एक गोष्ट हातची सुटते. येशू शिष्यांना आधीच सांगतो की मी लाजराला उठवायला चाललोय. शेवट त्याला ठाऊक आहे. तरीही लाजराची बहीण मरिया आणि तिच्याबरोबरचे लोक रडताना पाहून तो स्वतः रडतो. "आता थोड्या वेळात सगळं चांगलं होणार आहे, रडू नका" असं म्हणत नाही. ज्यांना शेवट ठाऊक नाही अशा आपण मात्र ते वाक्य दुसऱ्याला किती सहज ऐकवतो!

बाराव्या अध्यायात तेच बेथानी गाव आहे आणि जेवणाचा बेत आहे. मार्था वाढतेय, मेलेला भाऊ जिवंत होऊन पंगतीला बसलाय. याहून मोठा आनंद त्या घरात कधी झाला असेल? आणि त्याच जेवणात मरिया मोलाचं सुगंधी तेल आणून येशूच्या पायांना लावते, घर वासानं भरून जातं आणि येशू म्हणतो, हे माझ्या दफनाच्या दिवसासाठी आहे. ज्या सणात येशूला वधस्तंभावर देणार होते तो वल्हांडण सहा दिवसांवर आलेला. एकाच पंगतीत उठलेला लाजरही आहे आणि मरायला निघालेला प्रभूही. कुणी जेवण थांबवलं नाही, कुणी मरणाची गोष्ट दडपलीही नाही. माझ्या दृष्टीनं आपल्या विश्वासाचं मर्म इथं आहे. सुखदुःखाचा हिशोब मांडून बाकी काढायला देवानं आपल्याला सांगितलेलं नाही. दोन्ही एकाच पंगतीत बसू द्यायची आणि प्रभूला त्या पंगतीत धरून ठेवायचं.

तुमच्या पत्रात एक भीती ओळींच्या आड दडलीय असं मला वाटतं. "फार हसलं तर दृष्ट लागेल, देव हेही काढून घेईल." आपल्याकडे ही भीती घराघरांत आहे, ख्रिस्ती घरंही तिच्यातून सुटलेली नाहीत. बाळाचं कौतुक करता करता बाई मध्येच गप्प होते, विषय बदलते. देव आपल्या आनंदावर टपून बसलाय अशी ही कल्पना आहे. ती शास्त्रातली नाही, हे मी ठामपणे सांगते. बाळाचा बाप्तिस्मा यजमानांना "बरं वाटल्यावर" करू म्हणून लांबवत असाल तर तसं करू नका. डायलिसिस नसलेल्या दिवशी माणूस जरा तरतरीत असतो आणि बहुतेक ठिकाणी रविवार मोकळा असतो. पाळकांना सांगून ठेवा की उपासना आटोपशीर ठेवा, आजोबांना पुढच्या बाकावर बसू दे आणि जमल्यास बाळ त्यांच्या मांडीवर द्या. फक्त फिस्तुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेल्या हातावर बाळाचं डोकं टेकवू नका, त्या हातावर दाब नको.

आता रडण्याविषयी. "आनंद करा" असं तुम्हाला सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, पण त्यांनी पौलाच्या पत्राची एकच बाजू उचललीय. फिलिप्पैकरांना आनंद करा म्हणून लिहिणारा पौल स्वतः बंदिवासात होता, आणि त्याच पत्रात तो कबूल करतो की माझा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला नसता तर माझ्यावर दुःखावर दुःख कोसळलं असतं. रोमकरांना त्यानंच लिहिलंय की आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि रडणाऱ्यांबरोबर रडा. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतली जवळपास एकतृतीयांश विलापाची आहेत. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं त्यांनी ते स्तोत्र गाळलं नाही, त्याला गोड शेवटही जोडला नाही. देवापुढे असं बोलायची मुभा असावी, म्हणून ते तिथं आहे. तुम्हाला शब्द सुचत नसतील त्या रात्री ते स्तोत्र मोठ्यानं वाचा. आणि 22 वं वाचा, ज्याची पहिली ओळ येशूनं वधस्तंभावर उच्चारली.

लेकरं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढं त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडवलं. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो ओरडणाऱ्या ईयोबावर रागावत नाही, देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर रागावतो. मंडळीतल्या कुणी पुन्हा योजनेचं सांगायला लागलं तर सरळ म्हणा, "वहिनी, आज उत्तर नको. घटकाभर माझ्याजवळ बसा, नाहीतर बाळाला तेवढं घ्या, मी अंघोळ करून येते." माणसं ऐकतात. काय करावं ते कळत नाही म्हणून ती बोलत असतात, काम दिलं की त्यांनाही बरं वाटतं.

सोपवायचं कसं? या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण याच्यावरून आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ गोंधळ आहे आणि त्याचा भार बायकांवर पडतो.

अटक व्हायच्या आधी, त्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं काय केलं ते क्रमानं बघा. आधी त्यानं पेत्र, याकोब आणि योहान यांना सोबत घेतलं आणि सांगितलं की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, इथं थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. देवाच्या पुत्राला त्या रात्री माणसं हवी होती. मग त्यानं स्वतःला काय हवंय ते स्पष्ट मागितलं, की हा प्याला माझ्यापासून टळून जावो. त्यानंतर म्हणाला, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि हे एकदा म्हणून झालं नाही. मत्तय सांगतो की तो तीनदा गेला आणि तेच शब्द बोलून पुन्हा प्रार्थना केली. समर्पण एका दमात झालं नाही.

आपण मधली पायरी गाळतो. मागायच्या आधीच "तुझी इच्छा" म्हणून मोकळे होतो. त्याला मी समर्पण म्हणत नाही. तो थकवा असतो, कधी कधी गिळलेला राग असतो. तुम्हाला काय हवंय ते आधी देवाला सांगा. यजमान बरे व्हावेत, मूत्रपिंड मिळावं, पैसा पुरावा, नातीला आजोबा आठवण्याइतके लाभावेत. जे असेल ते, लहान-मोठं न बघता. मुठी घट्ट वळून सांगितलंत तरी चालेल, मी पुष्कळांना तसंच करायला सांगते. मांडीवर दोन्ही मुठी आवळून ठेवायच्या, एकेक मागणं बोलायचं आणि सगळं बोलून झालं की तळवे उघडून वर करायचे. तोंडानं काही म्हणायची गरज नाही. काही दिवस मुठी उघडणारच नाहीत. त्या दिवशी तेवढंच म्हणायचं, "प्रभू, आज उघडत नाहीत." तीही प्रार्थनाच झाली.

जे सोपवायचं ते आपल्या हातात नसलेलं. औषध वेळेवर देणं, पाणी मोजणं, डायलिसिसची पाळी न चुकवणं, हे तुमच्याकडेच राहतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काय काय मिळू शकतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारलं नसेल तर येत्या खेपेलाच विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. अर्ज भरणं हा अविश्वास नव्हे.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी लिहिते. नवरा दारू पिऊन मारतोय आणि "वधस्तंभ उचल, सोस" असं कुणी सांगत असेल, तर ते ख्रिस्ताचं शिक्षण नाही. येशूनं आपला जीव आपण होऊन दिला. कुणी भिंतीशी दाबून धरलेल्या बाईचा मार त्याच्याशी जोडणं हा वधस्तंभाचा अपमान आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे, 181 ही महिलांची हेल्पलाइन आहे. आधी घराबाहेर, सुरक्षित ठिकाणी या. प्रार्थना तिथं बसूनही होते.

ॲपबद्दल. माइंडफुलनेसचे जे वर्ग आणि ॲप आज दिसतात त्यांचं एक मूळ 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी सुरू केलेल्या कामात आहे. जुनाट वेदनेनं त्रासलेल्या रुग्णांसाठी ते होतं आणि त्यांनी ते बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतलं होतं. ते लपवायचं कारण नाही आणि त्याला भ्यायचंही कारण नाही. श्वासाकडे लक्ष देऊन मन थाऱ्यावर आणणं ख्रिस्ती परंपरेलाही जुनं आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे साधक शास्त्रातलं एखादं छोटं वचन दिवसभर घोकत. पुढे पौर्वात्य मंडळ्यांत "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर" ही प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणायची रीत पडली. आपल्याकडे नामस्मरण कुणाला शिकवावं लागत नाही, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वाटेनं ख्रिस्त गाऊन दाखवला तेव्हा मराठी मंडळीला तो परका वाटला नाही. तेव्हा ॲपनं झोप लागत असेल, छातीतली धडधड कमी होत असेल तर खुशाल वापरा. माझं म्हणणं एवढंच, की तिथंच थांबू नका. ॲप सांगतं, विचार आला, बघा, जाऊ द्या. विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तो विचार कुणाच्या तरी हातात द्यायचा असतो.

तुमच्या घरात याची एक आयती जागा आहे. डायलिसिसवाल्यांनी तुम्हाला सांगितलं असेल की फिस्तुलाच्या हाताला रोज बोटं लावून बघा, आत बारीक थरथर लागते. धमनी आणि शीर जोडून तिथून रक्त जोरानं वाहतं, त्याची ती थरथर. ती लागली तर फिस्तुला चालू आहे. लागली नाही तर वेळ न दवडता रुग्णालयात फोन करायचा. हे रोज सकाळी कुणीतरी करायचंच आहे, ते तुम्ही करा आणि घाईनं करू नका. यजमानांच्या फिस्तुलावर तीन बोटं ठेवा. थरथर लागेपर्यंत दुसरं काही मनात आणू नका. लागली की एवढंच म्हणा, "आजच्या दिवसाबद्दल आभार, प्रभू." आजाराबद्दल आभार मानायला मी सांगत नाही, कुणी सांगितलं तर मानूही नका. त्या हातात आज रक्त वाहतंय, त्याबद्दल आभार. मग बाळाला अंघोळीला घ्याल तेव्हा तिच्या टाळूवर तेल जिरवताना तीच बोटं पुन्हा थांबवा. मऊ टाळूखाली ठोका लागतो. तिथंही तेच म्हणा. लक्ष देण्याचं याहून चांगलं शिक्षण कुठल्या वर्गात मिळेल असं मला वाटत नाही.

फक्त आजचं बघायचं, उद्याचं नाही, हे बोलायला सोपं आहे. 2019 च्या ऑगस्टमधले महापुराचे दिवस आठवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, आणि पाणी 55 च्याही पुढे गेलं. आपण सगळे दर दहा मिनिटांनी फोन काढून आकडा बघत होतो. आकडा बघून पाणी उतरत नव्हतं, पण बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनच्या आकड्याचं (मूत्रपिंड किती काम करतंय ते त्यावरून कळतं) तसंच होतं. इस्राएल लोकांना अरण्यात मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, मिळे तो त्या दिवसापुरता, दुसऱ्या दिवसासाठी साठवला की त्यात किडे पडत. (शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा आणि तो टिकायचा. देव व्यवहार सोडून बोलत नाही.) तपासणीचे कागद एका फाइलीत लावा, डॉक्टरांपुढे उघडा आणि एरवी ती फाइल कपाटात राहू द्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवस एकदा उलगडून बघा, कुठं जीव कासावीस झाला आणि कुठं हलका झाला. येशूसंघाचा (जेझुइट) संस्थापक इग्नेशियस लोयोला 1521 मध्ये तोफगोळ्यानं पाय मोडून महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळला होता, तेव्हा मनाच्या या हालचाली ओळखायला शिकला आणि पुढे त्यानं ती रोजची प्रार्थना करून दिली. दोन्ही गोष्टी देवाला एकापाठोपाठ सांगायच्या. कुठली मोठी ते ठरवत बसायचं नाही.

पंडिता रमाबाईंचा विचार माझ्या मनात अशा वेळी हटकून येतो. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये पती गेले आणि पदरात मनोरमा. पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, दुष्काळातल्या शेकडो मुली तिथं जगल्या, शिकल्या. ज्या लेकीनं ते काम पुढे न्यायचं ती मनोरमा 1921 च्या जुलैत गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. शेवटपर्यंत मुद्रितं तपासली आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांचं दुःख त्यांच्या विश्वासानं पुसून टाकलं असं मी म्हणणार नाही, तसं सांगायचा मला अधिकार नाही. ते दुःख उराशी असताना त्यांचे हात कामात होते, एवढं डोळ्यांना दिसतं. पुनरुत्थित येशूनं थोमाला हातांवरचे व्रण दाखवले, ते आठवतं. नव्या देहातही व्रण राहिलेच.

तुम्ही स्वतः किती थकलाय हे तुमच्या पत्रातून जाणवतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवण जात नाही, नातीला जवळ घ्यावंसंच वाटत नाही किंवा मरणाचे विचार येतात, असं काही असेल तर डॉक्टरांकडे जा. हा विश्वासाचा अशक्तपणा नव्हे, आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि बाळंतीण लेकीवरही लक्ष ठेवा. वडिलांच्या आजारात झालेलं बाळंतपण तिलाही जड गेलेलं असेल, ती तुमच्यापुढे बोलत नसेल.

यजमानांबद्दल तुम्ही खूप लिहिलंय, पण ते काय म्हणतात हे एकदाही लिहिलं नाहीत. बहुतेक घरांत असंच असतं. सगळे आजाऱ्याला सांभाळतात आणि त्याला विचारायचं राहून जातं. डायलिसिसहून आल्यावर विचारू नका, तेव्हा माणूस गळून गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, लेक बाळाला घेऊन आतल्या खोलीत असताना विचारा, "तुम्हाला कशाची भीती वाटतीय?" मग गप्प राहा. पहिल्यांदा ते "कशाची नाही" म्हणतील, जेवणाचं किंवा बिलाचं काहीतरी बोलतील. ते ऐकून घ्या आणि तिथंच बसून राहा. ते बोलले आणि तुम्हाला रडू आलं तर त्यांच्यापुढेच रडा, स्वयंपाकघरात जाऊन नको. मग दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा. "आजची भाकर" इथं आल्यावर घटकाभर थांबलात तरी चालेल.

काही अडलं तर पुन्हा लिहा. बाप्तिस्म्याची तारीख ठरली की तेही कळवा.